नुसत्या रेषेसाठी पेन्सिल आणि कागद: तालुक्याच्या दुकानात काय घ्यावं, काय सोडावं

समोर ठेवलेला गडवा (तांब्या), सराटा (उलथणं), झिजलेली चप्पल किंवा पऱ्हाटीचं (कपाशीचं) उकललेलं बोंड नुसत्या कडांच्या रेषांनी कागदावर उतरवायचं. शेडिंग नाही, सावली नाही, रंग नाही. या सरावाला सामान फार लागत नाही: पेन्सिल, कागद, पॅड आणि दोन चिमटे. पण जे लागतं ते नीट पारखून घ्यावं लागतं, कारण इथं झाकायला जागाच नसते. शेडिंगमध्ये पेन्सिलीचा खरखरीतपणा बोटानं चोळून घालवता येतो, पट्ट्यावर पट्टा चढवून काळेपणा सारखा करता येतो. एकट्या रेषेत मात्र शिसेतला एक खडासुद्धा दिसतो. कागद ओलसर असला तर दिसतो, टोक बोथट झालं तर तेही दिसतं.

म्हणून या परीक्षणाची कसोटी एकच ठेवली आहे: सावकाश, हात न उचलता ओढलेली लांब रेषा कशी येते. लिहायला चांगली, रंगवायला चांगली, मुलांच्या हातात टिकाऊ हे गुण वेगळे, त्यांचा इथं विचार नाही. सामानही तेच घेतलं आहे जे विदर्भातल्या दर्यापूर, आर्वी, उमरेड, वणी, चिखली अशा तालुक्याच्या गावी शाळेच्या सामानाच्या दुकानात उभ्या उभ्या मिळतं. नागपूर-अमरावतीहून आणावं लागणारं किंवा ऑनलाइन मागवावं लागणारं सामान शेवटी थोडक्यात.

निर्णय आधीच सांगून टाकतो. ‘ड्रॉईंग सेट’ म्हणून मिळणारा सहा किंवा दहा पेन्सिलींचा डबा या कामासाठी घेऊ नका. २बीच्या (मऊ, काळ्या ग्रेडच्या) दोन सुट्या पेन्सिली आणि एचबीची (मधल्या ग्रेडची) एक घ्या. डब्याचे वाचलेले पैसे कागदावर घाला. रेषेचं निम्मं काम कागद करतो, आणि आपल्याकडं सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडंच जातं.

पेन्सिली

पेन्सिलीतली कांडी ग्राफाइट आणि चिकणमाती मिसळून, भाजून केलेली असते. १७९५ मध्ये निकोला-झाक काँते या फ्रेंच माणसानं ही कृती बसवली आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. माती जास्त असली की कांडी कडक होते, रेषा बारीक आणि फिकी येते. ग्राफाइट जास्त असलं की कांडी मऊ आणि रेषा काळी. एचच्या आधीचा आकडा वाढेल तसा कडकपणा वाढतो, बीच्या आधीचा वाढेल तसा मऊपणा. एक गोष्ट ध्यानात असू द्या: सगळ्या कंपन्यांची २बी सारखी नसते. एकीची २बी दुसरीच्या ३बीइतकी काळी असू शकते. म्हणून कोणतीही एक कंपनी धरा आणि सहा महिने तरी बदलू नका, हाताला दाबाचा अंदाज बसायला तेवढा वेळ लागतोच.

एचबीमध्ये नटराज ६२१, ती लाल-काळ्या पट्ट्यांची, कुठल्याही गावात किराणा दुकानातसुद्धा मिळते. रेषा स्वच्छ, बारीक, टोक बराच वेळ टिकतं. कुलूप, किल्ली, चष्मा, मनगटी घड्याळ, पावशीचं (विळीचं) पातं अशा कडक आणि बारीक कडांच्या वस्तूंना हिच्याइतकं स्वस्त आणि चोख दुसरं काही नाही. उणीव एकच, ती कंपनीची नाही, ग्रेडची आहे: गडद आणि फिकी यांतलं अंतर कमी पडतं. गडद करायला जोर लावला की कागदावर चर पडतो, रेषा मात्र फारशी काळी होत नाही.

२बी ही या कामाची खरी पेन्सिल. अप्सरा, कॅमलिन आणि डोम्स या तिघांच्या ड्रॉईंग पेन्सिली तालुक्याला सुट्या मिळतात, साधारण दहा-पंधरा रुपयांत एक. तिन्हींपैकी कोणतीही घेतली तरी नुसत्या हाताच्या वजनावर रेषा उमटते, बोटं आवळावी लागत नाहीत. बोटं आवळली नाहीत की मनगट मोकळं राहतं, आणि मनगट मोकळं राहिलं की गुंडाच्या (पाण्याच्या मोठ्या भांड्याच्या) पोटाची लांब वाक एका दमात येते. निवडताना कंपनीपेक्षा पेन्सिलीचं अंग बघा. षटकोनी पेन्सिल बोटात एक-एक पैलू फिरवता येते आणि दर पैलूला टोकाची नवी, तीक्ष्ण बाजू कागदावर येते. त्रिकोणी पेन्सिल लिहिण्याला उत्तम असली तरी चिमटीत घट्ट बसते आणि फिरत नाही. या सरावात पेन्सिल सतत फिरवावी लागते, म्हणून षटकोनीच घ्या.

४बी मोठ्या कागदासाठी ठेवा. अर्ध्या शीटवर गुंड, बंडीचं चाक, डवरा (कोळपं) काढायचा असेल तर २बीची रेषा दूरून बारीक वाटते, तिथं ४बी शोभते. पाव शीटवर ती जड होते. ६बी आणि पुढच्या ग्रेड शेडिंगसाठी आहेत. गडव्याच्या काठापासून निघून पोटाला वळसा घालेपर्यंत टोक झिजतं आणि रेषा सुरुवातीच्या दुप्पट जाड होते. हा जाडपणा वस्तूमुळं आलेला नसतो, झिजेमुळं आलेला असतो, त्यामुळं चित्र खोटं बोलायला लागतं. शिवाय तळहाताखाली घासून सगळीकडं काळं होतं.

‘एक्स्ट्रा डार्क’ लिहिलेल्या पेन्सिली हस्ताक्षरासाठी असतात. रेषा दाट येते, पण त्यावर बऱ्याचदा ग्रेड नसते. पुढची पेन्सिल घेताना कशाशी जुळवायची ते कळत नाही. २एच घेऊच नका, तिचा चर रबरानंही जात नाही. ०.५ ची पेन-पेन्सिल तर या कामात उलट सवय लावते. तिची रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, आणि कडेचा जडपणा-हलकेपणा दाखवणं हाच तर या सरावाचा गाभा.

दुकानात पेन्सिल घेताना दोन तपासण्या करा, दुकानदार कधी नाही म्हणत नाही. पेन्सिलीचं न छिललेलं तोंड समोर धरून कांडी बरोबर मध्ये आहे का ते बघा. एका बाजूला सरकलेली असेल तर छिलल्यावर एकीकडं लाकूड आणि दुसरीकडं उघडी शीस, असं वाकडं टोक येतं आणि फिरवताना लाकूड कागदाला घासतं. दुसरं, काउंटरच्या काचेवर पेन्सिल लोटून द्या. थडथडत गेली तर षटकोनी आहे म्हणून, पण मध्येच अडली, डोलली तर लाकूड वाकलेलं आहे. वाकलेल्या लाकडातली कांडी आतून तडकलेली निघण्याचा संभव जास्त. आपल्याकडच्या पेन्सिलींचं बरंचसं लाकूड काश्मिरातल्या पुलवामा भागातल्या पॉप्लरचं असतं. ते मऊ, छिलायला सोपं, पण आपटलेली पेन्सिल वरून धड दिसते आणि आत कांडीचे तुकडे झालेले असतात. छिललं की टोक तुटतं, पुन्हा छिललं की पुन्हा तुटतं, असं होत असेल तर शार्पनरला दोष देऊ नका, ती पेन्सिल कधीतरी फरशीवर पडलेली आहे.

टोक काढणं

शार्पनरचं टोक आखूड आणि शंकूसारखं येतं. एक-दोन मिनिटांत ते सगळीकडून सारखं बोथट होतं आणि मग फिरवूनही उपयोग नसतो. ब्लेडनं किंवा छोट्या कटरनं छिला. लाकडाचा उतार दोन ते अडीच सेंटिमीटर, उघडी शीस सहा ते आठ मिलिमीटर. आठच्या वर गेलात तर २बी तुटते. ब्लेड शरीरापासून दूर चालवायचं, आणि पेन्सिल धरलेल्या हाताच्या अंगठ्यानं ब्लेडच्या पाठीला ढकलायचं. ओढून कापलं की शिसेत खाच पडते.

त्यानंतर हार्डवेअरच्या दुकानातला बारीक पॉलिश पेपर, १८० किंवा २२० नंबरचा. त्याच्या दोन बोटं रुंद पट्टीवर टोक तिरकं ठेवून एका बाजूनं आठ-दहा वेळा घासा. टोकाला एक लहान तिरपी सपाटी येते. या सपाटीची धार कागदाला लागली की केसासारखी रेषा, सपाटी लागली की ठसठशीत रेषा, आणि बदल करायला जोर लागत नाही, पेन्सिल थोडी फिरवली की झालं. घासल्यावर टोक फडक्यानं पुसा, नाहीतर पहिल्या रेषेच्या सुरुवातीला भुकटीचा काळा ठिपका पडतो. दहा रुपयांच्या पेन्सिलीला महागड्या पेन्सिलीजवळ आणून ठेवणारी गोष्ट हीच आहे, आणि ती कोणत्याच डब्यात मिळत नाही.

कागद

पहिली पसंती कार्ट्रेज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद. पूर्ण शीट २२ बाय ३० इंच. अर्धी १५ बाय २२, पाव ११ बाय १५. १२० ते १४० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मागा. जाडी सांगता येत नसेल तर शीटचा कोपरा दोन बोटांत धरून हलवा: पातळ कागद फडफडतो, बरोबर जाडीचा खणखणतो. पाव शीट हा सरावाचा उत्तम आकार. गडवा जवळपास खऱ्या मापाचा काढता येतो, आणि खऱ्या मापाचं काढलं की नजरेनं मोजलेलं आणि हातानं काढलेलं यांत हिशेब करावा लागत नाही.

दुकानात शीटा बहुधा गुंडाळी करून दाराशी उभ्या ठेवलेल्या असतात. बाहेरच्या एक-दोन शीटा उन्हानं पिवळ्या पडलेल्या असतात, आतल्या मागा. घरी एसटीनं यायचं असेल तर तिथंच पाव आकारात कापून घ्या आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट आणा. गुंडाळी आणली तर घरी उलटी, सैल गुंडाळून तासभर ठेवायची आणि मग रात्रभर पाटाखाली दाबायची. वळलेल्या कागदावर रेषा ओढताना टोक कधी दाबतं, कधी सुटतं, आणि हात कापतो असं वाटतं. हात ठीक असतो.

कागदाला दोन बाजू असतात. खिडकीकडं तिरका धरून बघा: एक बाजू गुळगुळीत, दुसरीला बारीक दाणा. पेन्सिलीच्या रेषेला थोडा दाणा हवाच, त्यावर ग्राफाइट अडकतं. फार दाणा असेल, हँडमेड कागदाला असतो तसा, तर सावकाश रेषा तुटक तुटक येते. उलट आयव्हरी किंवा चकचकीत कार्डशीटवर टोक घसरतं, रेषा करडी आणि बोटानं पुसली जाणारी येते. दिसायला देखणी म्हणून ती शीट घेण्याचा मोह होतो, पण ती या कामाची नव्हे.

घेतलेल्या कागदाची परीक्षा घरी करा. कोपऱ्यात २बीनं चार इंचांची रेषा अगदी सावकाश ओढा, मग रबरानं पुसा. पुसलेल्या जागी तंतू उभे राहिले, लोकरीसारखी लव आली, तर त्या कागदाला खळ कमी आहे. त्यावर पुसायचंच नाही असं ठरवून सराव करा, किंवा तो रंगकामाला द्या.

आता विदर्भाच्या हवेबद्दल, कारण कागदावरच्या छापील माहितीत हे कुठं येत नाही. पावसाळ्यात कागद हवेतला दमटपणा ओढतो आणि मऊ पडतो. त्याच २बीची रेषा रुतते, दबलेली आणि करडी दिसते, रबर लावलं की पापुद्रा निघतो. आषाढ-श्रावणात ग्रेड बदलून उपयोग नाही, कागद कोरडा ठेवणं हाच उपाय. लोखंडी पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, लागेल तेवढीच शीट काढा, आणि मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. उन्हाळ्यात उलटं होतं. मे महिन्यात कागद इतका कोरडा होतो की कडा वर वळतात. त्यातच कूलरसमोर बसलं की ओलसर वारा एका बाजूनं लागून शीट धनुष्यासारखी वाकते. कूलरच्या झोतात बसू नका, आणि चारही कोपरे चिमट्यांनी धरा. घामाचा तळहात कागदाला लागला तर त्या डागावर ग्राफाइट नीट बसत नाही, रेषा तिथं फिकी पडते. हाताखाली कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवा आणि हाताबरोबर सरकवत न्या.

रोजच्या सरावाला मात्र कार्ट्रेज वापरू नका, परवडतही नाही आणि मनावर दडपण येतं. त्यासाठी झेरॉक्सचा ए४ कागद, ७५ जीएसएमचा, आमची जोरदार शिफारस. ५०० पानांचं रीम घेतलं तर पान पैशांत पडतं. एचबी आणि २बी दोन्हींची रेषा त्यावर स्वच्छ येते, फक्त दाबून काढली तर चमकते. ७० जीएसएमचा त्याहून पातळ, खालच्या पॅडचे ओरखडे त्यातून उमटतात, पण खाली आणखी पाच-सहा पानं ठेवली की चालतो. शाळेची चित्रकला वही ठीक आहे, पण बरोबर मधल्या पिनेपाशी ती सपाट बसत नाही आणि रेषा त्या घडीत अडखळते. वर्तमानपत्राचा कोरा कागद, न्यूजप्रिंट, मिळाला तर कागदाकडं न बघता काढायच्या सरावाला (तो पुढं सांगितला आहे) उत्तम. तो पिवळा पडतो, म्हणून जपून ठेवायचं काम त्यावर करू नका.

पॅड, चिमटे, रबर

परीक्षेचा हार्डबोर्डचा पॅड चालतो. अडचण एवढीच की त्याला वर एकच चिमटा असतो आणि खालची बाजू मोकळी राहते. कागदाकडं न बघता काढताना शीट दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी कळत नाही, आणि मग रेषेचं टोक टोकाला मिळालं नाही याचा दोष मुलं स्वतःच्या हाताला देतात. खाली दोन चिमटे लावा, कपडे वाळवायचे चिमटेही चालतात. पॅड जमिनीवर सपाट ठेवू नका. वरची बाजू डोळ्यापासून लांब पडते, आणि नकळत चित्र वरच्या अंगानं ताणलं जातं. बाजेच्या काठाला किंवा भिंतीला टेकवून मांडीवर उभा तिरका धरा, नजर कागदावर सरळ पडेल इतका.

रबर एकच, पांढरं, नॉन-डस्ट प्रकारचं, अप्सराचं सगळीकडं मिळतं. ते दप्तरातच राहू द्या. चित्र पूर्ण झाल्यावर कडेचे हाताचे डाग पुसायला काढा. मध्येच पुसायची सवय लागली की नजर वस्तूवरून सुटून कागदावर येते, आणि सरावाचा हेतूच जातो.

वस्तूवर लावून बघता

सामानाची खरी पारख पितळी गडव्यावर होते. गडवा पाटावर, तीन-चार फुटांवर, मागं चुन्याची भिंत किंवा साधी चादर. छपरीत सकाळचा उजेड सगळ्यात बरा. दुपारी टिनाखालची तिरीप पितळेवर चमकते आणि कड त्या चमकेत हरवते.

आधी पाच मिनिटं कागदाकडं न बघता. टोक कागदावर एका जागी टेकवा, नजर गडव्याच्या काठावर एका जागी ठेवा, आणि नजर जितकी सरकेल तितकंच टोक सरकू द्या. नजर थांबली की टोक थांबलं. शेवटची रेषा पहिलीला मिळणार नाही, पोट भलतीकडं जाईल, ते तसंच असतं. अमेरिकेतले चित्रकलाशिक्षक किमॉन निकोलाइडीस यांनी हा सराव आपल्या शिकवण्यात पायाशी ठेवला होता, आणि त्याचं कारण हातात पेन्सिल धरल्यावर लगेच कळतं: कागदाकडं बघितलं की माणूस ‘गडवा’ काढतो, समोरचा तो गडवा काढत नाही. त्यानंतर दुसरा कागद घेऊन, कागदाकडं फक्त रेषा थांबेल तेव्हाच बघत, नीट चित्र.

नेहमीच्या चुका अशा. काठ गोल आहे हे माहीत असतं, म्हणून लंबवर्तुळ हवं त्यापेक्षा उघडं निघतं. लंबवर्तुळाची दोन टोकं टोकदार होतात, तिथं नेहमी लहानशी वाक असतेच, टोक कधीच नसतं. बूड सरळ रेषेनं काढलं जातं, कारण ते पाटावर सपाट बसलेलं आहे. खरं तर बूड डोळ्यापासून काठापेक्षा खाली असतं, म्हणून त्याची समोरची वाक काठाच्या वाकेपेक्षा जास्त हवी. आणि सगळ्यात जास्त सुटणारी रेषा म्हणजे मान जिथं खांद्याला मिळते तिथली समोरची कमान. नुसतं बाहेरचं कडं काढून ती कमान सोडली तर चित्र पुठ्ठ्यातून कापलेल्या गडव्यासारखं चपटं दिसतं. मानेची बाजूची रेषा काठाच्या खालून निघते. ती काठाच्या रेषेत घुसवू नका, केसभर आधी थांबवा, म्हणजे काठ पुढं आणि मान मागं आपोआप जाते.

इथं दोन पेन्सिलींतला फरक उघडा पडतो. काठाच्या खालची कड आणि बूड पाटाला टेकतं ती कड ठसठशीत हवी, उजेडाकडच्या पोटाची कड हलकी हवी. २बीत हे पेन्सिल फिरवून एकाच रेषेत होतं. एचबीत त्यासाठी जोर लावावा लागतो आणि चर पडतो. पोचे आलेला जुना गडवा मिळाला तर तोच घ्या. नव्या, सारख्या गडव्याची डावी बाजू बघून उजवी बाजू मनानं काढली जाते. पोचा असला की प्रत्येक इंच बघावाच लागतो.

पऱ्हाटीचं वाळलेलं बोंड एचबी आणि २बी दोन्ही घ्यायला लावतं. टरफलाच्या पाकळ्या कडक, टोकदार, त्यांना एचबी. कापसाला ठाम कड नसतेच. २बीची सपाटी लावून, दाब जवळजवळ नाही इतका ठेवून, तुटक रेषा. पूर्ण बंद रेषेनं कापूस काढला की तो दगडासारखा दिसतो. सूप काढताना प्रत्येक पट्टी काढण्याचा मोह आवरा. काठाची बांधणी पूर्ण आणि विणीच्या पट्ट्या फक्त कडेपाशी थोड्या. सगळी वीण काढली की सुपाची खोलगट वाक जाळीत बुडून जाते. चपलेत पट्ट्याची जाडी दाखवणाऱ्या दोन समांतर कडा काढा, एकच काढली की पट्टा दोरीसारखा होतो. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी लहान मुलांना उत्तम: कडा मोठ्या, स्पष्ट, आणि वळणं थोडी. त्याला ४बी आणि अर्धी शीट.

केसाळ रेषा, म्हणजे एका कडेसाठी आठ-दहा छोटे फटकारे, हा दोष सामानामुळं येत नाही, पण ६बीमुळं लपतो. २बी देऊन बघा, लगेच दिसतो आणि सुटायलाही लागतो.

महागडं सामान

फाबर-कास्टेल ९०००, गडद हिरवी, आणि स्टेडलर मार्स लुमोग्राफ, निळी. दोन्ही जर्मन कंपन्यांच्या. किंमत आपल्या पेन्सिलीच्या कित्येक पट. फरक आहे, आणि तो रेषेतच कळतो: कांडी सगळीकडून एकसारखी, मध्येच कचकन लागणारा खडा नाही, दोन ग्रेडमधलं अंतर नेमकं, टोक जास्त टिकतं. पण जोवर ब्लेडनं लांब टोक काढायची सवय नाही आणि कागद दमट आहे तोवर हा फरक दिसणारच नाही. घ्यायचीच असेल तर २बीची एकच सुटी मागवा. पत्र्याचा देखणा डबा या कामाला नको.

शाळेसाठी

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असतंच, आणि नुसत्या रेषेचा सराव दोन्हींना पाया देतो. तीस मुलांच्या वर्गाला २बीचे दहाचे तीन डबे, एचबीचा एक, ए४चं एक रीम, साठ चिमटे आणि पॉलिश पेपरची दोन पानं एवढं पुरतं. ब्लेड मुलांच्या हाती देऊ नका, टोकं शिक्षकांनीच काढून ठेवावीत, मुलांनी पट्टीवर घासावीत. वर्गात एकच गडवा मध्ये ठेवला तर मागच्या बाकावरच्या मुलांना कडा दिसत नाहीत. सहा-सहा मुलांत एक वस्तू ठेवा, आणि ती बाकावर नको, जमिनीवर पाटावर, म्हणजे लंबवर्तुळ नीट उघडं दिसतं.

झालेली चित्रं एकावर एक ठेवताना मध्ये कोरा कागद घाला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उमटते. २बीच्या रेषेला फिक्सेटिव्ह (रेषा पुसू नये म्हणून मारायचा फवारा) मारायची गरज नाही, ४बीला मारलं तर बरं, पण ते बहुधा मोठ्या गावातच मिळतं. पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा. वाळवी कागदाला लागते तेव्हा ती बहुधा तळाच्या शीटपासून सुरू होते.